उत्सर्ग, अपवाद आणि टायर

हिवाळी टायर आणि बारमाही टायर यांतला फरक आधी रबराचा असतो, नक्षीचा त्यानंतर. थंडीत रबर ताठरते. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात नीट बसत नाही आणि पकड कमी होते. मग बर्फ नसला, रस्ता अगदी कोरडा असला तरी ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण जास्त ठेवतात, म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर अनेक पातळ काप असतात. चाक फिरताना हे काप उघडतात, त्यांत बर्फ अडकतो, आणि अडकलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फ चिकटतो, एवढ्या साध्या गोष्टीवर हिवाळी टायरची बरीचशी पकड उभी आहे.

बारमाही टायर या दोन टोकांच्या मधला असतो. उन्हाळ्यात फार लवकर झिजू नये इतका तो कडक आणि सौम्य थंडीत अगदीच दगड होऊ नये इतका मऊ ठेवलेला असतो. फिनलंडमधल्या नोकिया गावाशी जोडलेल्या रबर कंपनीने १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ पासून 'हाक्कापेलिट्टा' हे तिच्या हिवाळी टायरचे नाव झाले. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ साली 'टिएम्पो' हा बारमाही टायर बाजारात आणला. म्हणजे एका ऋतूपुरता टायर आधी आला, आणि वर्षातून दोनदा चाके बदलण्याचा त्रास टाळणारा टायर चार दशकांनी आला. पुढे या दोहोंमध्ये तिसरा प्रकारही निघाला. तो बारमाहीच असतो, पण बर्फावरची ठरलेली चाचणी पार केल्यामुळे त्याच्या कडेवर तीन शिखरांच्या चौकटीत हिमकणाची खूण असते.

यांतला कोणता घ्यावा, हा दुकानातला प्रश्न वाटतो. त्याच्या तळाशी मात्र धर्मशास्त्राने फार जुन्या काळापासून घोळवलेला प्रश्न आहे. सर्व परिस्थितींत चालेल असा एकच नियम धरावा, की प्रत्येक परिस्थितीला तिचा वेगळा नियम असावा? एकच नियम लक्षात ठेवायला सोपा आणि पाळायला स्वस्त असतो, पण टोकाच्या प्रसंगी तोकडा पडतो. प्रसंगापुरता नियम त्या प्रसंगी नेमका बसतो, पण तो बदलत राहण्याचे कष्ट आणि खर्च असतो, आणि प्रसंग सरल्यावरही तो चालू ठेवला तर तोच दोष ठरतो.

दोडामार्ग तालुक्यात बर्फ पडत नाही आणि ७ अंशांच्या थंडीचा प्रश्नच येत नाही. तरी हा प्रश्न तिथे परका नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात वर्षाचे दोन भाग पाडतो तो पाऊस. दोडामार्गहून भेडशीवरून तिलारी घाटाने वर गेले की कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका लागतो आणि तिथून बेळगावची वाट. घाट लांबीने मोठा नाही, पण चढ उभा आहे आणि वळणे एकमेकांना चिकटून आहेत. एप्रिलमध्ये जो रस्ता कोरडा आणि खरखरीत असतो, तोच मृग नक्षत्रानंतर वेगळा होतो. पहिल्या सरीला वर्षभराची धूळ आणि गाड्यांतून गळलेले तेल एकत्र येऊन डांबरावर निसरडा थर धरतो. पुढे डोंगरउतारावरची तांबडी माती रस्त्यावर वाहून येते, सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते, ओल्या पानांचा थर बसतो आणि धुक्यात पुढचे वळण दिसत नाही. बर्फाळ देशातला चालक नोव्हेंबरमध्ये ज्या प्रश्नापुढे उभा राहतो, त्याच प्रश्नापुढे इथला चालक जूनमध्ये असतो. वर्षभर चाललेली चाके आता चालतील का?

साम्य इथवरच आहे. हिवाळी टायर आणि पावसाळ्यात चालणारा टायर यांची कामे एकमेकांच्या उलट आहेत. हिवाळी टायरने बर्फ नक्षीत धरून ठेवायचा असतो. पावसातल्या टायरने पाणी नक्षीतून बाहेर फेकायचे असते. रुंद खाचांतून पाणी निघून गेले नाही, तर वेगात असलेले चाक पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगते, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन्हींचा रस्त्याशी संबंध तुटतो. म्हणून 'कठीण हवामानासाठी चांगला टायर' असे मोघम बोलण्याला अर्थ नसतो. कोणत्या कठीणपणासाठी, ते आधी ठरवावे लागते. विशेष नियम विशेष असतो तो याच अर्थाने. तो एका निमित्तासाठी केलेला असतो, आणि त्या निमित्ताबाहेर त्याचे गुण दोष होऊ शकतात.

संस्कृत व्याकरण आणि मीमांसा या दोन शास्त्रांनी या संबंधाला नावे दिली आहेत. सर्वत्र लागू होणारा नियम तो उत्सर्ग, आणि ठरावीक जागी त्याला बाजूला सारणारा नियम तो अपवाद. पतंजलीच्या महाभाष्यातले उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्राह्मणांना दही वाढावे, कौंडिण्याला ताक द्यावे. कौंडिण्यही ब्राह्मणच आहे, म्हणून पहिल्या आज्ञेने त्याला दही मिळायला हवे. पण दुसरी आज्ञा त्याच्यासाठीच केलेली आहे, आणि ती नुसती बाजूला ठेवली तर निरर्थक होते. तेव्हा कौंडिण्याच्या पानात ताकच पडते. यालाच तक्रकौंडिण्यन्याय म्हणतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. अपवाद उत्सर्गापेक्षा बलवान असतो, पण फक्त आपल्या हद्दीत. कौंडिण्याला ताक मिळाले म्हणून पंगतीतल्या इतरांचे दही जात नाही. बर्फाच्या चार महिन्यांत हिवाळी टायर बारमाहीपेक्षा श्रेष्ठ आहे यात वाद नाही, पण त्यामुळे तो 'जास्त चांगला टायर' ठरत नाही. उन्हाळ्याच्या तापलेल्या डांबरावर तो मऊपणामुळे भराभर झिजतो, वळणावर डगमगतो आणि थांबायला जास्त अंतर घेतो.

या हद्दीची सर्वांत बोलकी गोष्ट छांदोग्य उपनिषदात आहे. कुरुदेशात पिके उद्ध्वस्त झाली होती, गारपिटीने किंवा काहींच्या मते टोळधाडीने. उषस्ति चाक्रायण नावाचा विद्वान बायकोसह हत्ती बाळगणाऱ्याच्या गावी येऊन राहिला होता. तो माणूस कुल्माष, म्हणजे हलक्या कडधान्याची घुगरी, खात बसला होता. उषस्तीने त्याच्याकडे तीच मागितली. पानातल्याखेरीज दुसरे काही नाही, असे तो म्हणाला, तरी उषस्तीने ती उष्टी घुगरी घेऊन खाल्ली. मग त्याने पाणी पुढे केले, तेव्हा उषस्तीने ते नाकारले, कारण ते उष्टे होते. घुगरी उष्टी नव्हती का, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की ती खाल्ली नसती तर जगलो नसतो, पाणी मात्र कुठेही मिळते. आपद्धर्माची मर्यादा इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितली गेली असेल. नियम मोडायची मुभा संकट जिथवर आहे तिथवरच असते. त्यापलीकडे एक घोटभरही नाही. मार्च सरल्यावर आळसाने किंवा दुकानाची फेरी वाचवायला तशीच ठेवलेली हिवाळी चाके म्हणजे उषस्तीने घुगरीपाठोपाठ उष्टे पाणीही प्यावे, तसे आहे.

अपवाद केव्हा लागू करायचा हाही वादाचा विषय आहे, आणि वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. धर्मशास्त्रात कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद आहेत. संध्यावंदन वेळ झाली की करायचे, कारण विचारायचे नाही. ग्रहणाचे स्नान ग्रहण लागले तरच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा कायदा पहिल्या जातीचा आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथल्या मोटारींना हिवाळी टायर बंधनकारक असतात. मग त्या दिवशी रस्ता कोरडा असो की पांढरा. जर्मनीचा कायदा दुसऱ्या जातीचा. तिथे तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा हिम गोठलेले असेल तर तशा टायरशिवाय गाडी चालवायची नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून हिमकणाची खूण असलेलाच टायर त्यासाठी ग्राह्य आहे. क्वेबेकच्या शेजारचा ऑन्टारिओ प्रांत सक्ती करत नाही. हिवाळी टायर लावणाऱ्याला विमाहप्त्यात सूट देण्याचे बंधन मात्र २०१६ पासून त्याने विमा कंपन्यांवर घातले आहे. म्हणजे माँट्रियलमधल्या मराठी कुटुंबाला जे शासनाच्या आज्ञेने करावे लागते, ते टोरांटोतल्या कुटुंबाने आपल्या विवेकाने ठरवायचे असते. तारखेच्या पद्धतीत विसरण्याला वाव राहत नाही, पण बर्फ नसलेल्या दिवसांतही टायर झिजतो. निमित्ताच्या पद्धतीत नियम नेमका बसतो, पण निमित्त ओळखण्याची जबाबदारी माणसावर येते, आणि माणूस ते बहुधा उशिरा ओळखतो.

कोकणातही हा भेद रोजच्या जगण्यात दिसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती तारखेची आज्ञा आहे. कोळी समाज मात्र नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होडी पाण्यात घालतो. ती पौर्णिमेची, म्हणजे समुद्र शांत होऊ लागल्याच्या निमित्ताची परंपरा आहे. दोन्ही एकाच ऋतूकडे पाहतात. एक दिनदर्शिकेतून पाहते, दुसरी समुद्राकडे.

उशिरा ओळखण्याच्या दोषावर आयुर्वेदाने उपाय सुचवला आहे. चरकसंहिता आणि अष्टांगहृदय या दोन्ही ग्रंथांत ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय आहे. वर्षाचे सहा ऋतू आणि प्रत्येकाचा आहार-विहार वेगळा. अष्टांगहृदयकार वाग्भटाने ऋतुसंधीची कल्पना मांडली आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून सांधा होतो, आणि त्या पंधरवड्यात जुनी चर्या हळूहळू सोडून नवी हळूहळू धरावी. एकाएकी केलेला बदल बाधतो. टायरच्या बाबतीत हा सल्ला शब्दशः खरा आहे. पहिला बर्फ पडल्यावर टायर बदलायला निघालेल्या माणसाला त्याच बर्फावरून, जुन्याच चाकांवर, दुकानापर्यंत जावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

मीमांसेचा आणखी एक निर्णय इथे उपयोगी पडतो. यज्ञात पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या पोळीसाठी, तांदूळ घ्यावा किंवा जव घ्यावेत असा विकल्प दिलेला आहे. दोन्ही चालतात, पण एकाच प्रयोगात दोन्हींची मिसळ चालत नाही. तांदळाने आरंभ केला तर शेवटही तांदळानेच. हिवाळी टायर महाग म्हणून इंजिन ज्या चाकांना फिरवते त्या दोनच चाकांना ते लावण्याची क्लृप्ती अनेकांनी करून पाहिली आहे. पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागच्यांनी सोडला, की वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो, आणि गाडी गरकन फिरते. चारही साधे टायर असते तर चालकाला निसरडेपणाची जाणीव आधीच झाली असती. अर्धी तयारी ही जाणीवच काढून घेते. विकल्पात मोकळीक असते ती निवड करण्याची. दोन निवडींचे तुकडे जोडण्याची नसते.

नावापुरता धर्म आणि प्रत्यक्ष धर्म यांतला फरकही टायरवर मोजता येतो. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला हिवाळी टायर कायद्याच्या दृष्टीने हिवाळी राहत नाही. कडेवरची खूण तशीच असते, रबरही तेच असते, पण ज्या कामासाठी ते नाव दिले ते काम करण्याची शक्ती सरलेली असते. भारतात मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावी असा नियम आहे. ही खोली मोजायला साधन लागत नाही. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, आणि टायर झिजून पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की मर्यादा संपली असे समजावे. कडेवरच्या चार आकड्यांवरून टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला तेही कळते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर जुने होते आणि कडक पडते, म्हणून नक्षी शाबूत असलेला जुना टायरही तपासावा लागतो.

चामड्याची चपलही अशीच झिजते, आणि या झिजण्याला दक्षिण कोकणात एक देवरूप मिळाले आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्यात त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून नव्या चपला येत राहतात. या श्रद्धेत एक स्पष्ट विचार आहे. राखणीचे व्रत अखंड आहे, ते कोणत्याही ऋतूत थांबत नाही, पण ज्या साधनावर ते चालते ते झिजणारे आहे आणि ते वेळोवेळी बदलावेच लागते. व्रत टिकवायचे तर वहाण टिकवायचा हट्ट सोडावा लागतो. माणसांच्या चपलांबाबत तर कोकण ऋतूचा नियम निमूट पाळतेच. जून आला की चामड्याच्या वहाणा माळ्यावर जातात आणि रबरी चपला उंबऱ्याशी येतात. लावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे बांबू आणि पानांचे इरले पाऊस संपला की पुन्हा आढ्याला टांगले जाई. युरोपात उन्हाळ्यात हिवाळी चाके आणि हिवाळ्यात उन्हाळी चाके जपून ठेवून देणारी दुकाने असतात. तीही हेच करतात.

ऋतूपुढे झुकण्याचा तिसरा मार्ग म्हणजे प्रवासच न करणे. बौद्ध भिक्षू तीन महिने वर्षावास करतात, जैन साधुसाध्वी चार महिने एका जागी राहतात, आणि हिंदू संन्याशांमध्येही चातुर्मासाचे व्रत आहे. गोव्यातल्या कवळे आणि पर्तगाळ मठांच्या स्वामींचा चातुर्मास आजही एका ठिकाणी मुक्काम करून होतो. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात वर्षावासाचे मूळ लोकांच्या तक्रारीत सांगितले आहे. पावसात पक्षीदेखील घरट्यात बसतात, आणि हे भिक्षू मात्र हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवत हिंडतात, असे लोक म्हणू लागले. वर्षावासाचे कारण चालणाऱ्याची सोय नव्हे. पायाखाली येणाऱ्याची सुरक्षितता हे त्याचे कारण आहे. या नियमालाही अपवाद आहे. आजारी माणसासाठी किंवा तशाच निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची परवानगी बुद्धाने दिली. अपवादाला कारण लागते आणि दिवसांची मर्यादाही लागते, हे इथेही दिसते.

चाकांचा विचार वर्षावासाच्या बाजूने केला की तो दुसऱ्यांपर्यंत पोहोचतो. टायर विकत घेणारा त्याचे पैसे देतो, पण त्या टायरने रस्ता न धरल्याची किंमत बऱ्याचदा समोरून येणाऱ्याला द्यावी लागते. घाटाच्या वळणावर सुटलेली गाडी आपल्याच कठड्याला अडेल असे नसते. ती एसटीच्या पुढ्यात किंवा काठाने चाललेल्या पादचाऱ्यावरही जाते. म्हणून टायरची निवड ही खासगी खरेदी असली तरी तिचा हिशेब अहिंसेच्या खात्यावर होतो. ज्याच्याकडे दुसऱ्या चार टायरांचे पैसे नाहीत त्याला त्यामुळे अधार्मिक ठरवता येणार नाही. पण त्याच्यापुढे दोन वाटा उरतात, आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत. वेग कमी करून पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवणे, किंवा त्या दिवशी न निघणे.

ऋतूप्रमाणे बदलण्याच्या या साऱ्या विचारावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. भगवद्गीता शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख यांत समान राहायला सांगते. सर्व ऋतूंत न बदलणारा तो स्थितप्रज्ञ. मग बारमाही टायर हेच त्या आदर्शाचे यांत्रिक रूप नव्हे का? हा आक्षेप एका गल्लतीवर उभा आहे. गीतेतले समत्व मनाचे आहे, साधनाचे नव्हे. त्याच गीतेने आहार, विहार, झोप आणि जागरण यांत योग्य प्रमाण राखायला सांगितले आहे, आणि प्रमाण हे नेहमी प्रसंग पाहूनच ठरते. थंडी सोसणाऱ्या मनुष्याने थंडीत पांघरूण घेऊ नये असे कुणी म्हणत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तही 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात अहिंसा आणि सत्य यांसारख्या सर्वमान्य नियमांनाही प्रसंगी अपवाद करावे लागतात, आणि म्हणून कोणते कर्म करावे हा प्रश्न खरोखरच कठीण आहे, हे विस्ताराने दाखवले आहे. कोकणातच जन्मलेले पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या पाच खंडी इतिहासातून हेच दिसते. शेकडो वर्षांत मूळ नियम फारसे पुसले गेले नाहीत, त्यांच्या लागू होण्याच्या कक्षा मात्र काळ आणि देश पाहून सतत बदलत गेल्या. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने यासाठी लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. दगड वाकडा असला तर ती पट्टी दगडाप्रमाणे वाकते आणि मोजमाप खरे राहते. लोखंडी पट्टी सरळ राहते, पण वाकड्या दगडाबद्दल काही सांगू शकत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही आहे. प्रत्येक प्रसंगाला वेगळे साधन हवे म्हटले तर गाडीच्या घरात टायरांचे ढीग लागतील आणि चालक सतत बदलण्यातच गुंतेल. बारमाही टायरवर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी टीका होते. पण जिथे अपवाद वर्षातून एखाद-दोन दिवसच येतो, तिथे त्या दोन दिवसांसाठी वेगळा संच बाळगणे विवेकाचे नव्हे. उत्सर्गाची योग्यता यातच असते की बहुतेक दिवस त्याचे असतात. म्हणून निवडीचा निकष 'कोणता टायर श्रेष्ठ' हा नसून अपवाद किती वेळा येतो, किती काळ टिकतो आणि तो चुकल्यास किती मोठे नुकसान होते, हा आहे. महिनोन्महिने पारा ७ अंशांखाली राहतो आणि बर्फ साचून राहतो, तिथे चारही हिवाळी टायर आणि वर्षातून दोन ऋतुसंधी हेच योग्य. बर्फ क्वचित पडतो आणि दुपारपर्यंत वितळतो, तिथे हिमकणाची खूण असलेला बारमाही टायर आणि त्या दिवशी घरी थांबण्याची तयारी एवढे पुरते.

दोडामार्गसारख्या ठिकाणी पहिल्याही नियमाची गरज नाही आणि दुसऱ्याचीही. तिथे उन्हाळी आणि बारमाही यांतला वादच गौण आहे, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा अपवाद थंडीचा नसून पाण्याचा असतो. त्याचे उत्तर वेगळ्या जातीच्या टायरमध्ये नाही. ते असलेल्या टायरच्या खाचांच्या खोलीत आहे, हवेच्या नेमक्या दाबात आहे, आणि घाट उतरताना गिअरवर धरलेल्या वेगात आहे. याच तालुक्यात गेल्या काही दशकांत केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा लावल्या आहेत. पहाटे झाडाच्या सालीवर तिरकी खाच पाडतात आणि खाली बांधलेल्या वाटीत पांढरा चीक ठिपकत राहतो. हिवाळ्याच्या अखेरीस पानगळ झाली की झाडाला विश्रांती द्यावी लागते. पावसात खाचेवरून पाणी ओघळून चीक वाहून जाऊ नये म्हणून खोडाला प्लास्टिकचे झापड बांधतात. टायरचा कच्चा माल ज्या झाडातून येतो, त्या झाडालाही एकच चर्या बाराही महिने चालत नाही.

दसऱ्याला दोडामार्गच्या बाजारात धुतलेल्या गाड्या उभ्या असतात. पुढे गोंड्याची माळ, आंब्याचे टाळे, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. चाक फिरून लिंबू फुटले की पूजा पुरी होते. शस्त्रे आणि अवजारे यांच्याप्रमाणे वाहनालाही त्या दिवशी मान मिळतो. तोवर पाऊस मात्र ओसरलेला असतो. ज्या चार महिन्यांत टायरची खरी परीक्षा असते ते मागे पडलेले असतात. पूजा तिच्या तिथीला होईल, कारण ती नित्याची आहे. खाचांतले उंचवटे पाहण्याचे, हवा तपासण्याचे आणि जुना टायर काढून टाकण्याचे काम नैमित्तिक आहे, आणि त्याचे निमित्त मृग लागण्याच्या आधी येते.